सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस



बैठक सुरू व्हायच्या आधीची दहा मिनिटं आठवा. सतरंजी टाकलेली असते, सचिवताई वही काढत असतात, निम्म्या जणी अजून यायच्या असतात. तेव्हा आपण एकमेकींशी काय बोलतो? "किती गं वाळलीस, घरचे खायला देत नाहीत का?" "बाळंतपणात चांगलीच सुटलीस की!" "भांगलणीला गेलीस वाटतं, पार काळवंडलीस." "पोरीचे दात पुढे आलेत, आत्ताच काहीतरी बघा, नाहीतर पुढं जड जाईल."

सगळं हसत हसत चालतं. जिला बोललं ती पण हसते. मग हजेरी होते, बचत गोळा होते आणि विषय संपतो. शहरात याला 'बॉडी शेमिंग' म्हणतात, म्हणजे एखादीला तिच्या शरीरावरून कमीपणा आणणं. आपल्याकडे त्याला गंमत म्हणतात, नाहीतर काळजी म्हणतात. या गमतीचा हिशोब आज मांडूया. हिशोब आपल्याला चांगला जमतो.

आधी एक वाक्य घ्या. "सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." हे कौतुक म्हणून बोललं जातं बरं का, आणि बोलणारीच्या मनात वाईट नसतं. पण त्यातला 'पण' बघा. सावळं असणं हा खोट असलेला माल, आणि नाकडोळ्यांनी ती खोट भरून काढली, असा त्या 'पण'चा अर्थ. मुलाच्या बाबतीत हा 'पण' लागतच नाही. "मुलाचं काय रूप बघायचं, तीन एकर बागायत आहे" इथं गाडी थांबते. मुलीच्या बायोडेटात मात्र शिक्षणाच्या शेजारी 'वर्ण' असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ एवढेच शब्द लिहितात. 'काळा' लिहिलेला बायोडेटा मी तरी अजून पाहिलेला नाही. म्हणजे पोरगी बघायला यायच्या आधीच तिच्याबद्दलचं पहिलं खोटं आपण कागदावर उतरवलेलं असतं.

आणि हेच आपण आषाढीला पायी पंढरपूरला जातो, काळ्याभोर विठ्ठलाच्या पायावर डोकं ठेवतो, त्याचं रूप बघून डोळे भरून येतात. घरी येऊन सून मात्र गोरीच पाहिजे. यावर एका आजींनी मला सांगितलं, "अगं, देवाला कुठं सासरी नांदायचंय!" उत्तर तोडीस तोड होतं, मान्य. पण त्या एका वाक्यात सगळं आलं. रूपाचा प्रश्न दिसण्याचा नाहीच, नांदण्याचा आहे. कुणाला घरात मान मिळणार आणि कुणाला टोमणे, हे ठरवायचं ते एक माप आहे.

हे माप आलं कुठून? सगळं एका ठिकाणाहून आलेलं नाही. उन्हात राबणाऱ्याचं अंग रापतं आणि सावलीत बसणाऱ्याचं उजळ राहतं, म्हणून गोरेपणाला बसून खाणाऱ्या घरांची प्रतिष्ठा चिकटली. त्यात जात मिसळली. "तुमच्यातली वाटत नाही हो, किती गोरी आहे!" हे वाक्य आपल्यातल्या काही जणींनी ऐकून घेतलेलं आहे, आणि ऐकवणाऱ्या पण आपल्यातच आहेत. ते कौतुक नसतं. त्यात एका माणसाला उचलून त्याच्या अख्ख्या समाजाला खाली बसवलेलं असतं. त्यावर गोऱ्या साहेबाचं राज्य येऊन गेलं. आणि मग आला बाजार.

१९७५ साली आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम विकायला आलं. त्याआधी डाळीचं पीठ, हळद, साय हे घरचे उपाय होतेच. पण आता कमीपणाची एक ट्यूब मिळायला लागली. जाहिरातींची गोष्ट साधारण एकच असायची: सावळी मुलगी, तिला नोकरी नाही किंवा स्थळ नाही, मग क्रीम, मग चेहऱ्यावर उजेड आणि दोन्ही मिळालं. पंचेचाळीस वर्षांनी, २०२० मध्ये, कंपनीने नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. त्याच वर्षी एका मोठ्या लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटने रंगावरून स्थळ शोधायची सोय काढून टाकली. नाव बदललं, रकाना गेला, चांगलं झालं. पण मनातला रकाना कोण काढणार? आणि ट्यूबवाल्याचा धंदा कशावर चालतो तेही ध्यानात घ्या. सावळी बाई ज्या दिवशी आरशात बघून समाधानी होईल, त्या दिवशी त्याचं एक गिऱ्हाईक तुटतं. तिला खंत वाटत राहणं ही त्याची गरज आहे.

तुम्ही म्हणाल, शिकली, कमावती झाली की हे सुटतं. तर केरळची गोष्ट ऐका. शारदा मुरलीधरन या तिथल्या मुख्य सचिव होत्या. मुख्य सचिव म्हणजे राज्यातला सर्वांत वरचा अधिकारी, जिल्हाधिकारी त्यांच्या हाताखाली. त्यांच्या आधी त्याच खुर्चीवर त्यांचे पती होते. मार्च २०२५ मध्ये त्यांनी समाजमाध्यमावर उघडपणे लिहिलं, की त्यांच्या आणि पतीच्या कारभाराची तुलना कुणीतरी काळ्या आणि गोऱ्या रंगावरून केली. त्यांनी हेही सांगितलं, की चार वर्षांच्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मला परत पोटात घेऊन गोरी करून काढता येईल का? एवढ्या मोठ्या पदावरची बाई, साठीच्या घरात आलेली, आणि चार वर्षांच्या पोरीचं ते बोलणं तिच्या मनात तसंच ताजं! आपल्या काळ्या रंगात सौंदर्य आहे हे आपल्याला आपल्या मुलांनी दाखवलं, असंही त्यांनी लिहिलं. तेव्हा आपल्या अंगणवाडीतल्या पोरींना कोण काय म्हणतंय, तिकडे लक्ष ठेवायला हवं. ते विसरलं जात नाही.

आता आपल्याकडची गोष्ट. एका गटात एक ताई अंतर्गत कर्ज मागत होत्या. कारण विचारलं तर आधी म्हणाल्या घरखर्च. मग हळूच म्हणाल्या, मुलीच्या चेहऱ्याला पार्लरमध्ये उपचार करायचेत, पाच-सहा वेळा जावं लागेल. मी माझं शिकलेलं सगळं सांगून बघितलं. रंगात काही नसतं, गुण बघावेत, स्वतःला आहे तसं स्वीकारावं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं खरं आहे. पण पुढच्या महिन्यात पाहुणे यायचेत. ते काय तुमचं भाषण ऐकून येणारेत?"

त्या ताई अडाणी नाहीत, हौशीही नाहीत. त्यांचा हिशोब रोकडा आहे. मुलीचा रंग एक पायरी खाली, तर देण्याघेण्याचा आकडा एक पायरी वर. हुंडा घेणं-देणं १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे, तरी तो 'मुलीच्या हौसेनं' या नावाखाली चालतो, आणि रंग, उंची, दात, चष्मा हे सगळे भाव वाढवायचे मुद्दे असतात. म्हणून बाईला नुसतं "स्वतःवर प्रेम कर" सांगणं मला अपुरं वाटतं. जिच्या दिसण्यावर तिच्या बापाचं कर्ज ठरतं, तिने एकटीने आरशासमोर उभं राहून काय काय बदलायचं? स्त्रीवाद हा शब्द मोठा वाटतो, पण या ठिकाणी तो एवढंच विचारतो: दोष मुलीच्या चेहऱ्यात आहे, की तो चेहरा तराजूत घालणाऱ्यात? आपल्या मातीत हा सवाल नवा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहून विचारलं, की जे दोष बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का? सव्वाशेच्या वर वर्षं झाली. उत्तर अजून यायचंय.

त्या ताईंना कर्ज मिळालं की नाही, हे गटाचं गुपित आहे. पण त्या 'उपचारा'बद्दल मात्र मला सविस्तर सांगायचंय, कारण इथं प्रश्न मानाचा राहत नाही, जिवाचा होतो.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. एका शिकणाऱ्या मुलीने ओळखीच्या ब्युटीशियनकडून गोरं होण्याचं क्रीम घेतलं. फरक दिसला म्हणून आई आणि बहीणही तेच लावायला लागल्या. काही महिन्यांत तिघींच्या किडन्या बिघडल्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला, मर्यादेच्या कितीतरी पट. पारा म्हणजे जुन्या थर्मामीटरमध्ये चकाकायचा तोच. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळातले किडनीच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक खास प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरं करणारं क्रीम लावत होते.

पारा का घालतात? आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते निसर्गाने दिलेली छत्री आहे, ऊन आत खोल जाऊ देत नाही. सगळ्या माणसांत ते तयार करणाऱ्या पेशी साधारण सारख्याच असतात, त्या किती द्रव्य बनवतात त्यावर रंग ठरतो. पारा हे काम अडवतो, म्हणून आठ-पंधरा दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि बाई खूश होते. पण कातडीतून पारा रक्तात उतरतो, किडनीत साठतो. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत जातो. जी क्रीम लावत नाही तिलाही, एकाच घरात, एकाच टॉवेलवर, त्रास होऊ शकतो. नियमाप्रमाणे अशा क्रीममध्ये पारा मिसळायला बंदी आहे. चुकून अंश राहिला तरी किलोमागे एक मिलिग्रॅमच्या वर चालत नाही.

दुसरा प्रकार जास्त घराघरात आहे. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. खाज, गजकर्ण किंवा वांगावर म्हणून कुणीतरी सांगते, "मला लागू पडली, तू पण लाव." या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलं असेल, तर ते औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकू नये, असा नियम आहे. चार दिवस चेहरा नितळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर लव वाढते. बंद केलं की आणखी भडकतं, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. दारूसारखी सवय लागते म्हणा ना! गजकर्णावर तर स्टिरॉइड म्हणजे खतपाणीच. वरून खाज थांबते, आतून ते पसरत राहतं. वर्षानुवर्षं न जाणारं गजकर्ण आपल्या गावांत एवढं का दिसतं, त्याचं एक कारण हे आहे.

वांग म्हणजे गालांवरचे तपकिरी डाग. गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि उन्हाने ते वाढतात. त्यात तुमची काही चूक नाही, आणि ते पसरणारे नाहीत. स्कार्फ, टोपी, पदर यांनी ऊन अडवणं हा त्यावरचा पहिला उपाय. कोडाचंही तेच. कोड हा महारोग नाही, शिवल्याने होत नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही. कोड असलेल्या बाईला हळदीकुंकवाला मागं बसवणं हे निव्वळ अज्ञान आहे, एवढं मी स्पष्ट लिहिते.

आता अंगाच्या जाड-बारीकपणाबद्दल. इथं दोन गोष्टींची गल्लत होते. वजनाचा आणि तब्येतीचा संबंध असतो, हे खरं. साखर, बीपी, गुडघे यांसाठी वजन बघावं लागतं, "मी जशी आहे तशी बरी" म्हणून तपासणी टाळू नये. पण "म्हैस झालीस" ऐकून कुणाची साखर कमी झाल्याचं मी पाहिलेलं नाही. उलट ती बाई आरोग्य शिबिरात वजनकाट्यावर चढायचंच टाळते, कारण आकडा मोठ्याने वाचतात आणि मागची रांग हसते. थायरॉइड असेल, पाळीचा त्रास असेल, ते तसंच राहून जातं. आणि जिला आपण "काडी" म्हणतो, तिच्या अंगात रक्त किती आहे हे विचारतो का? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना, म्हणजे शंभरात ५४ जणींना, रक्तक्षय निघाला. यात बारीक आल्या तशा जाडही आल्या. सगळ्यांना वाढून उरलं तर खाणारी बाई जाड दिसली, म्हणून ती पोसलेली असते असं नाही. "दम लागतो का? पाळीत जास्त जातं का? शेवटचं रक्त कधी तपासलंस?" असं विचारायला "वाळलीस" म्हणण्याइतकाच वेळ लागतो.

बाळंतपणाने पोट सुटतं, तीन-चार महिन्यांनी केस झडतात. हे होतंच. केस बहुतेकींचे परत येतात. पोटाचं म्हणाल तर त्यात एक माणूस वाढलेला असतो, त्याची खूण राहायचीच.

या सगळ्यात आपल्या संघाचं काय नुकसान होतं, ते सांगते. प्रदर्शनाच्या स्टॉलवर कुणी बसायचं हे ठरवताना "जरा चांगली दिसणारी पाठवा" हे वाक्य मी एकापेक्षा जास्त गावांत ऐकलं. जिने पापड लाटले, जिला दर पाठ, जी गिऱ्हाइकाला बोलण्यात हरवेल, ती मागे गोण्या उचलायला. एक ताई दात पुढे आहेत म्हणून तोंडावर पदर धरूनच बोलतात. अध्यक्षपदासाठी नाव आलं तेव्हा "मला फोटोत उभं राहावं लागेल" म्हणून त्यांनी नकार दिला. त्यांच्याइतकं बँकेचं काम समजणारी दुसरी बाई त्या गटात नाही. हे नुकसान कुठल्या वहीत लिहायचं?

घरात रोजच रंगरूपावरून घालूनपाडून बोलणं होत असेल, तर कायदा काय म्हणतो, हेही माहीत असू द्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं हा शाब्दिक आणि भावनिक छळ धरला आहे. मार बसलाच पाहिजे असं नाही. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार देता येते. १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना वकील मोफत मिळतो. पण नवऱ्याला तुरुंगात घालणारं फौजदारी कलम वेगळं, त्याला पुरावा जड लागतो. सातारा जिल्ह्यातल्या १९९८ च्या एका आत्महत्येच्या खटल्यात नवऱ्याला खालच्या कोर्टाने शिक्षा दिली होती. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. काळ्या रंगावरून आणि स्वयंपाकावरून टोमणे हा फौजदारी गुन्ह्याएवढा मोठा छळ ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. केरळच्या उच्च न्यायालयाने मात्र २०२२ मध्ये घटस्फोटाच्या खटल्यात म्हटलं, की बायकोला सतत हिणवणं, इतर बायकांशी तिची तुलना करणं ही मानसिक क्रूरताच आहे. म्हणजे कुठल्या कायद्याखाली जायचं ते आधी जाणत्या माणसाला विचारून ठरवावं. तारीख, शब्द, कोण हजर होतं, हे वहीत लिहून ठेवावं. लिहायची आपल्याला सवय आहेच.

काही गटांनी आपापल्या परीने सुरुवात केली आहे. एका गटात बैठकीत कुणाच्या अंगाबद्दल बोललं तर पाच रुपये दंड आहे. पहिल्या महिन्यात चाळीस रुपये जमले, त्यांतले पंधरा अध्यक्षताईंचे! दुसऱ्या एका गावात आयांनी ठरवलं, की बायोडेटात 'वर्ण' हा रकाना छापायचाच नाही. दोन स्थळांनी फोन करून विचारलं, एका घरी पुढं काहीच झालं नाही. सोपं नाहीच ते. पण एकट्या आईने रकाना गाळला तर तिच्या पोरीत काहीतरी खोट आहे असं धरतात, आणि गावातल्या तीस जणींनी गाळला तर तो गावचा रिवाज होतो. गटाचा उपयोग तो हाच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना घरात चेहऱ्याला लावायची जी काही ट्यूब, डबी असेल ती घेऊन या. लाजू नका, सगळ्याच आणणार आहेत. बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि शेवटची तारीख आहे का, ते आपण मिळून वाचू. यातलं काहीच नसेल, किंवा 'मर्क्युरी', 'कॅलोमेल' असं लिहिलं असेल, किंवा "सोन्या-चांदीच्या दागिन्याला लागू देऊ नका" अशी सूचना असेल, तर ती डबी बाजूला ठेवायची. चुलीत टाकायची नाही, वाफ वाईट. नीट बंद करून ठेवा, मी घेऊन जाईन. स्टिरॉइडची ट्यूब बरेच दिवस लावत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरला दाखवा. आणि असं कुठलं क्रीम लावणाऱ्या घरात कुणाच्या पायावर, डोळ्यांभोवती सूज असेल किंवा लघवीला साबणासारखा फेस येत असेल, तर बैठकीची वाट बघू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासून घ्या आणि ती डबी सोबत घेऊन जा. क्रीम वेळेत थांबवलं तर बहुतेक जणांच्या किडन्या सावरतात.